चित्रं काढून घेतली म्हणून पोरं वाचायला लागत नाहीत

नागपुरात सध्या पालकांच्या ग्रुपवर आणि शाळांच्या मीटिंगमध्ये एक वाद जोरात होऊन राहिला आहे. पाचवी-सहावीच्या पुढच्या, वाचायचा कंटाळा करणाऱ्या मुलांना क्लासिक पुस्तकांच्या सचित्र आवृत्त्या द्यायच्या का, आणि दिल्याच तर ते वाचन म्हणून धरायचं का? आमच्या भागातल्या एका शाळेनं वाचनाच्या वहीत चित्रांची पुस्तकं लिहायचीच नाहीत असं सांगून टाकलं, तेव्हापासून दोन तट पडलेत. एक म्हणतो बरोबर आहे, चित्रं बघणं म्हणजे काही वाचणं नव्हे, आम्ही नाही का बिनचित्रांची जाडजूड पुस्तकं वाचली. दुसरा म्हणतो जाऊ द्या हो, काहीही वाचू द्या, तेवढा वेळ मोबाईल तरी सुटतो. मला दोन्ही पटत नाही, आणि दुसरं तर पहिल्यापेक्षा जास्त खटकतं, कारण पहिला गट निदान पुस्तकाला महत्त्व तरी देतो, दुसऱ्याला ते फक्त पोराला गप्प बसवायला पाहिजे आहे. माझं म्हणणं सरळ आहे. न वाचणाऱ्या मुलाला चांगली सचित्र आवृत्ती द्यावी, उघडपणे द्यावी, आणि ते पुरतं वाचन म्हणून धरावं. पण कुठली आवृत्ती द्यायची हे मोठ्यांनी डोळ्यांत तेल घालून निवडावं, कारण नुकसान होतं ते मूळ पुस्तकाचा जीव काढून घेतलेल्या आवृत्त्यांनी, आणि तशा आवृत्त्या चित्रांच्याही असतात आणि बिनचित्रांच्याही.

आधी हे न वाचणारं मूल कोण आहे ते तरी नीट बघूया ना. आपल्याकडचं पोट्टं घरी मराठी बोलतं, गल्लीत खेळताना हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि तिन्हींपैकी एकाही भाषेत सलग दहा पानं वाचायचा त्याला सराव नसतो. त्याला गोष्टी आवडत नाहीत असं अजिबात नाही, गोष्ट सांगायला बसलं की तेच पोट्टं सगळ्यात पुढे येऊन बसतं. अडतं ते दुसरीकडेच. अक्षरं जुळवता जुळवता वाक्याच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते, आणि असं दोन पानं झालं की त्याला वाटतं आपण ढ आहोत, मग पुस्तक बंद. मुलांना वाचता-लिहिता किती येतं हे तपासणाऱ्या 'असर'च्या पाहण्या वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत की ग्रामीण भारतात पाचवीतली साधारण निम्मी मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर सहज वाचू शकत नाहीत. शहरात आपण इंग्रजी शाळांच्या युनिफॉर्मखाली हे झाकून ठेवतो इतकंच. अशा मुलाच्या हातात तीनशे पानांचं बारीक टाइपाचं पुस्तक देऊन "वाच, खूप छान आहे" म्हणणं, याला संस्कार म्हणायचं का?

आणि हा प्रश्न काही मोबाईलमुळे आलेला नाही. आपल्याच पंचतंत्राची सुरुवात आठवा. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती, त्याची तीन पोरं, तिन्ही अभ्यासाला पाठ फिरवलेली. दरबारातले पंडित म्हणतात, एकट्या व्याकरणालाच बारा वर्षं लागतील. विष्णुशर्मा म्हणतो मला सहा महिने द्या, आणि तो काय करतो, तर तीच नीती, तेच शास्त्र सिंह, बैल आणि कोल्ह्यांच्या गोष्टींत घालून सांगतो. म्हणजे आपल्या सगळ्यात जास्त प्रवास केलेल्या पुस्तकाचा जन्मच मुळात न शिकणाऱ्या पोरांसाठी झाला! पुढे हे पहलवी या जुन्या इराणी भाषेतून अरबीत गेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं त्याचं 'कलीला व दिम्ना' केलं, आणि प्रस्तावनेत त्यानं पुस्तकाचे जे हेतू सांगितले त्यातला एक असा की प्राण्यांची रंगीत चित्रं बघून राजांची मनं रमावीत आणि त्यामुळे पुस्तक पुन्हा पुन्हा उतरवलं जावं. बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे कळलं की चित्र हा पुस्तकाकडे यायचा रस्ता आहे, त्यावर आपण आज शाळेच्या मीटिंगमध्ये हात वर करून मतदान घेऊन राहिलो आहोत.

आता विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा. चित्र कल्पनाशक्ती मारतं. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण यात खरंच तथ्य आहे. 1967 मध्ये अनंत पै यांनी अमर चित्र कथा सुरू केली आणि माझ्यासारख्या लाखो पोरांना महाभारत तिथूनच कळलं, पण त्या चित्रांत देव-राजे गोरे किंवा निळे, देखणे, आणि राक्षस काळे, धिप्पाड, सुळेवाले, हे इतकं ठाम बसलं की आजही ते डोक्यातून निघत नाही, आणि त्यावर अभ्यासकांनी टीका केली ती योग्यच होती. त्याच्याही आधी राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या चित्रांनी लक्ष्मी-सरस्वती कशा दिसतात हे घराघरात ठरवून टाकलं. एकच चित्र सगळ्यांच्या डोक्यात बसणं हे धोक्याचंच आहे, मान्य. पण मग उपाय काय? चित्रंच बंद करायची? एकाच चित्रावरचा उपाय दुसरं चित्र हा आहे. तोच प्रसंग दोन-तीन चित्रकारांनी कसा वेगवेगळा काढलाय हे मुलासमोर ठेवा, आणि विचारा, तू काढलं असतंस तर कसं? तिथून कल्पनाशक्तीचं काम सुरू होतं. बिनचित्रांचं पुस्तक बंद करून बसलेल्या मुलाची कल्पनाशक्ती कुठली चालणार, तो पुस्तकात शिरलेलाच नाही.

दुसरं असं की आपण ज्या पुस्तकांना शुद्ध शब्दांची क्लासिक समजतो ती बरीचशी चित्रांसकटच जन्मली. डिकन्सचं 'पिकविक पेपर्स' 1836 मध्ये सुरू झालं ते रॉबर्ट सीमूर या चित्रकाराच्या चित्रांना जोड म्हणून मजकूर लिहायचा या बोलीवर, डिकन्स तेव्हा चोविशीतला पोरगा होता. 1865 च्या 'ॲलिस इन वंडरलँड'ची टेनिएलनं काढलेली चित्रं वेगळी करून दाखवा बरं. 'ट्रेझर आयलंड' तर स्टीव्हन्सननं पावसाळी सुट्टीत सावत्र मुलाच्या नादानं बेटाचा नकाशा रंगवला त्यातून उगवलं. म्हणजे मूळ वाचकांना चित्रं मिळाली, मग स्वस्त आवृत्त्यांत ती गळाली, आणि आता आपण गळालेल्या आवृत्तीलाच अस्सल म्हणतोय. आणि आपल्या महाराष्ट्रात तरी हा वाद व्हायलाच नको होता. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या रामायण-महाभारताच्या प्रसंगांची चित्रं एकेक करून समोर धरत गोष्ट गात आले आहेत, त्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सरकार त्या परंपरेचा सन्मान करतं, आपण टाळ्या वाजवतो, आणि तेच चित्र-शब्दाचं जोडकाम छापून पोराच्या हातात आलं की ते वाचन नाही?

कॉमिक्स वाचणारं मूल नुसतं बघतं हा तर निव्वळ गैरसमज आहे. दोन चौकटींच्या मधे एक रिकामी पट्टी असते. पहिल्या चौकटीत माणूस कड्यावर उभा, दुसऱ्या चौकटीत समुद्रात. मधे काय झालं? त्यानं उडी मारली, पाय घसरला, की कोणी ढकललं? ते कुणीच काढलेलं नाही, ते वाचणाऱ्यानं स्वतः घडवायचं असतं, आणि तेही मागच्या संवादावरून, चेहऱ्यावरून, पुढच्या चौकटीतल्या एखाद्या खुणेवरून. हे अनुमान काढणं म्हणजेच वाचन. शब्दांचं म्हणाल तर 1988 मध्ये हेज आणि अहरेन्स या अभ्यासकांनी मोजलं होतं, दर हजार शब्दांत कमी वापरातले शब्द किती येतात, तर मुलांच्या पुस्तकांत 30.9, कॉमिक्समध्ये 53.5, आणि शिकलेल्या मोठ्या माणसांच्या गप्पांत 17.3. हिशोब इंग्रजीचा आहे, पण त्यामागचं कारण कुठल्याही भाषेत लागू पडतं. चित्र अर्थाला आधार देतं म्हणून लेखकाला अवघड शब्द ठेवायची हिंमत होते. चांदोबातला विक्रम-वेताळ आठवा, झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर टाकून स्मशानाकडे निघालेला राजा. "प्रेत", "मौन", "शंकेचे समाधान" हे शब्द आपण कुठल्या डिक्शनरीत बघितले होते? शंकर या चित्रकाराच्या त्या चित्रानं ते आपल्याला शिकवले.

पण भाषेचा मुद्दा इथे संपत नाही, आणि विरोधकांचा माझ्या मते सगळ्यात खरा आक्षेप इथेच आहे. ते म्हणतात क्लासिक म्हणजे त्याची भाषा, कथानक नाही, आणि सचित्र आवृत्ती फक्त कथानक देते. बरोबर आहे. मेघदूतच घ्या, आपल्या घरचं उदाहरण. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी रामगिरी म्हणजे आपलं रामटेक हे मांडलं, आणि आपण नागपूरकर ते अभिमानानं सांगतो. पण त्याचं कथानक काय? कुबेराच्या शापानं वर्षभर लांब पडलेला यक्ष आषाढातल्या ढगाला म्हणतो माझ्या बायकोला निरोप दे. संपलं. एवढंच चार पानांत रंगीत चित्रांसकट छापून "मुलांसाठी मेघदूत" म्हणून विकलं तर ती फसवणूक आहे, मुलाला वाटणार हे काय एवढं मोठं सांगतात लोक!

आता तेच दुसऱ्या पद्धतीनं करून बघा. यक्ष ढगाला रस्ता सांगतो, तो पूर्ण रस्ता चित्रात काढा. रामगिरीवरून निघून आम्रकूट, मग विंध्याच्या पायथ्याशी खडकांत फुटून पसरलेली रेवा म्हणजे नर्मदा, मग विदिशा आणि वेत्रवती, मग थोडी वाट वाकडी करून उज्जयिनी, शिप्रा, महाकाळाची संध्याकाळची आरती, पुढे चर्मण्वती, कुरुक्षेत्र, कनखल, हिमालय, कैलास आणि शेवटी अलका. वरून, ढगाच्या नजरेनं काढलेलं एकेक पान, आणि प्रत्येक पानावर त्या ठिकाणचा एखादा मूळ श्लोक आणि त्याचं चांगलं मराठी. हे पुस्तक बारा वर्षांच्या पोराच्या हातात दिलं तर? उन्हाळ्यात 45 डिग्रीत भाजून निघालेल्या आणि जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या पोराला पहिला ढग म्हणजे काय हे समजावून सांगायची गरजच नाही. इथे चित्रानं भाषेची जागा घेतलेली नाही, उलट "इथे डोंगर आहे, तिकडे नदी वळते" हे सांगायचं काम स्वतःकडे घेऊन पानावर कालिदासाच्या ओळींना जागा करून दिली आहे. चांगल्या आणि वाईट सचित्र आवृत्तीतला फरक मला इथे दिसतो. पानावर उरलेले शब्द हे मूळ पुस्तकातले सगळ्यात चांगले शब्द आहेत, की कोणीतरी घाईत लिहिलेला सारांश आहे?

म्हणून "काहीही वाचू द्या" म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. काहीही नाही. पुस्तक विकत घ्यायच्या आधी पाच मिनिटं उभं राहून बघा. 'फ्रँकेन्स्टाइन'ची सचित्र आवृत्ती हातात आली तर बघा, त्यातला शास्त्रज्ञानं घडवलेला प्राणी बोलतो का? मेरी शेलीच्या 1818 च्या पुस्तकात तो मिल्टन वाचतो, प्लुटार्क वाचतो, आपल्या निर्मात्याशी समोरासमोर वाद घालतो, मला एकटं काहून सोडलं म्हणून जाब मागतो. मानेत बोल्ट ठोकलेला मुका राक्षस हा पुढे सिनेमानं रुजवला, तो या पुस्तकातला नाही. मुका असेल तर परत ठेवून द्या. अँडरसनच्या जलपरीची गोष्ट 1837 ची, तिचा राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो आणि ती फेस होऊन जाते. तुमच्या हातातल्या पुस्तकात तिचंच लग्न लागत असेल तर ते दुसरंच काहीतरी आहे. 'श्यामची आई'मध्ये अंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो आणि आई धोंड्यावर आपलं लुगडं पसरते, हे चित्र कोणीही काढेल, डोळ्यांत पाणी आणेल. पण पायांसारखंच मनालाही जप हे आईचं बोलणं त्या पानावर साने गुरुजींच्या शब्दांत आहे का? नसेल तर तो प्रसंग ठेवलाच कशाला? मुलांना दुःख झेपत नाही, अवघड वाक्य झेपत नाही, हे मोठ्यांनी ठरवून टाकलेलं असतं. न वाचणारं मूल म्हणजे न समजणारं मूल नव्हे, उलट त्याला गुळगुळीत केलेलं लगेच ओळखू येतं आणि म्हणूनच ते पुस्तक बाजूला टाकतं.

आणि नावं बघा. रूपांतर कोणी केलं, चित्रं कोणी काढली, हे कव्हरवर किंवा निदान आत आहे का? चार्ल्स आणि मेरी लॅम्ब या भावाबहिणींनी 1807 मध्ये मुलांसाठी शेक्सपिअरच्या गोष्टी लिहिल्या, वीसपैकी चौदा मेरीनं लिहिल्या आणि छापलं फक्त चार्ल्सचं नाव, हा अन्याय होताच, पण काम किती मन लावून केलं होतं! शक्य तिथे शेक्सपिअरचेच शब्द ठेवले, आणि मोठ्या भावांनी बहिणींना मूळ नाटकातले उतारे वाचून दाखवावेत असं प्रस्तावनेत सांगितलं. आज दुकानात ज्या सचित्र क्लासिकांच्या चळती असतात त्यातल्या कितीतरींवर ना रूपांतरकाराचं नाव ना चित्रकाराचं. आपलं नाव लावायला जो तयार नाही त्याच्या हाती आपण पोराची पहिली ओळख का सोपवायची?

अजून एक आक्षेप राहतो, की चित्रांची सवय लागलेलं मूल पुढे मूळ पुस्तकाकडे जातच नाही. काही नाही जात, खरं आहे. अमेरिकेत 1941 मध्ये अल्बर्ट कँटर यांनी क्लासिक पुस्तकांची कॉमिक्स काढायला सुरुवात केली, त्यात शेवटी सूचना छापायचे की आता शाळेच्या किंवा सार्वजनिक लायब्ररीतून मूळ पुस्तक आणून वाचा, आणि कितीतरी पोरांनी त्या कॉमिक्सवरूनच शाळेचे पुस्तक-रिपोर्ट लिहून वेळ मारून नेली. पण त्याच देशात विरोधकांनी काय केलं तेही बघा. 1948 च्या सुमाराला शाळांच्या आवारात पोरांकडून कॉमिक्स गोळा करून होळ्या पेटवल्या, 1954 मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञानं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं पुस्तक लिहिलं, सिनेटपुढे सुनावण्या झाल्या, धंद्यानं घाबरून स्वतःवर सेन्सॉरशिप लादून घेतली. आणि 2012 मध्ये कॅरल टिली या संशोधिकेनं वर्थमचीच कागदपत्रं तपासली तेव्हा दिसलं की त्यानं मुलांच्या जबान्या सोयीप्रमाणे बदलल्या, जोडल्या, गाळल्या होत्या. मधल्या काळात 1992 मध्ये एका कॉमिक्सला, नाझी छळछावण्यांवरच्या 'माउस'ला, पुलित्झर मिळालं होतं. होळ्या पेटवून किती पोरं जाड पुस्तकांकडे वळली? आणि आपल्यापैकी किती जणांनी वाल्मीकी रामायण मुळातून वाचलंय? कीर्तनातून, चित्रातून, आजीकडून ऐकलेलं रामायण आपलं नव्हतं का?

सचित्र पुस्तक म्हणजे मूळ पुस्तकाची धाकटी, तात्पुरती सोय, असंच आपण धरून चालतो, तेही मला मान्य नाही. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेलं 'भीमायन' 2011 मध्ये आलं, बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांवर. त्यात चौकटीच नाहीत, कारण अनुभव डब्यांत कोंबायचे नाहीत हे चित्रकारांनी ठरवलं. साध्या माणसांचं बोलणं पक्ष्याच्या आकारात आहे आणि ज्या बोलण्यात जातीचा विखार असतो त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. शाळेत तहानलेल्या पोराला पाणी नाकारणारं वाक्य नांगीसकट बघितलं की सातवीतल्या मुलाला जे कळतं ते समजावून सांगायला मला पानभर लागेल. ज्या शहराचा पाया गोंड राजा बख्त बुलंद शहानं घातला आणि जिथे दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो माणसं येऊन पोतीच्या पोती पुस्तकं घेऊन जातात, त्या शहरातल्या शाळेनं असलं पुस्तक "चित्रांचं आहे" म्हणून वहीत लिहू द्यायचं नाही?

पैशाचंही बोललं पाहिजे. चांगल्या छपाईची सचित्र पुस्तकं महाग असतात आणि बहुतेक इंग्रजीत, त्यामुळे ज्या पोराला त्यांची सगळ्यात जास्त गरज त्याच्यापर्यंत ती पोचतच नाहीत. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून परवडणाऱ्या किमतीत चांगल्या चित्रकारांची चित्रं देत आलंय, पण एका मासिकानं किती ओढायचं? लायब्ररीच्या बजेटमधून ही पुस्तकं घ्यायला शाळांनी आणि वाचनालयांनी लाजू नये, एकाच्या दोन-दोन प्रती घ्याव्यात, कारण ती फाटणार, हाताळली जाणार, आणि तेच तर पाहिजे आहे.

घेतल्यावर ती बालविभागाच्या कोपऱ्यात वेगळी ठेवू नका. सचित्र आवृत्ती आणि मूळ पुस्तक, किंवा त्याचं पूर्ण भाषांतर, एकाच फळीवर शेजारी ठेवा, म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या पोराला लहान मुलांच्या कपाटापाशी उभं राहायची लाज वाटणार नाही. मुलानं सचित्र वाचून आणलं की त्याला आवडलेला एक प्रसंग विचारा, आणि तोच प्रसंग मूळ पुस्तकातून काढून तुम्ही त्याला मोठ्यानं वाचून दाखवा, दोन पानं, जास्त नाही. अडणारे शब्द अडू द्या, चित्र त्याच्या डोक्यात आहेच. वहीत नोंद करायचीच असेल तर पुस्तकाच्या नावाखाली एवढंच लिहून घ्या, की चित्रात होतं आणि शब्दांत नव्हतं असं काय सापडलं, आणि मूळ वाचून दाखवल्यावर चित्रात नसलेलं काय ऐकू आलं. विदर्भातल्या शाळा तशाही जूनच्या शेवटी उघडतात, तोवर घरात कोंडलेली पोरं असतात आणि लायब्ऱ्यांत कूलर चालू असतो, सुरुवात तिथून करता येईल.